गोठ्याचे छप्पर आणि वर्गाचा स्लॅब

मार्च उजाडला की नीरा खोऱ्यातल्या गोठ्यांवर आणि कोंबड्यांच्या शेडवर ओळखीची लगबग सुरू होते. पत्र्यावर उसाचे वाळलेले पाचट पसरले जाते, कुठे पत्र्याला चुन्याचा हात मिळतो, कुठे शेडच्या पश्चिम अंगाला ओले गोणपाट लटकते. ज्याच्या दावणीला संकरित गाय आहे त्याला यामागचे गणित कोणी समजावून सांगावे लागत नाही. उन्हाने गाय धापू लागली की ती खाणे कमी करते आणि दुसऱ्या दिवशी डेअरीच्या काट्यावर दूध घटलेले दिसते. पशुविज्ञानात यासाठी तापमान-आर्द्रता निर्देशांक वापरतात. तो ७२ च्या पुढे गेला की दुभत्या जनावरावर उष्णतेचा ताण येऊ लागला असे धरतात, आणि हा आकडा २५ अंश सेल्सिअस तापमान व ५० टक्के आर्द्रतेलाच गाठला जातो. म्हणजे आपल्याला हवा अजून सुखद वाटत असते तेव्हाच होल्स्टीन रक्ताच्या गायीला त्रास सुरू झालेला असतो. त्यावरचे उपायही ठरलेले आहेत: छपराचा रंग पांढरा करा, छप्पर उंच घ्या, गरम हवा वरून बाहेर पडायला वाट ठेवा, पश्चिमेला झाडे लावा, आणि एवढे करून झाल्यावर पंखे व फवारे बसवा.

पुणे-बंगळूर महामार्गावरच्या शिरवळला हे ज्ञान शिकवणारे महाविद्यालय आहे. क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये सुरू झाले आणि आज ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे घटक महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयात जनावरांची निवारा-व्यवस्था हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो. या प्रकरणाचा विषय विद्यापीठांच्या जुन्या इमारतींमधली विजेची बचत हा आहे. त्यासाठी मी शिरवळ निवडले, कारण गोठ्याला लावला जाणारा क्रम वर्गखोलीलाही जसाच्या तसा लागू पडतो असे मला दाखवायचे आहे. आधी छप्पर, मग सावली, मग वारा, मग यंत्र. आपल्या शिक्षणसंस्थांमध्ये मात्र हा क्रम बहुतेक वेळा उलटा चालतो. खोली तापते म्हणून वातानुकूलन यंत्र येते, बिल वाढते म्हणून सौर पॅनेल येतात, आणि ज्या स्लॅबमुळे खोली तापली तो जसा होता तसाच काळवंडत राहतो.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत महाराष्ट्रात बांधलेल्या सरकारी शैक्षणिक इमारतींचा एक ठरीव साचा आहे. तळमजला आणि वर एक किंवा दोन मजले, सिमेंट काँक्रीटचा चौकट-सांगाडा, नऊ इंची विटांच्या भिंती, एका बाजूने लांबच लांब व्हरांडा, लोखंडी चौकटीच्या खिडक्या आणि माथ्यावर सपाट स्लॅब. त्या स्लॅबवर पाणी गळू नये म्हणून विटांच्या तुकड्यांचा कोबा, आणि कोब्याला भेगा पडून गळती सुरू झाली की वरून काळ्या डांबरी शीटचा थर. एप्रिलच्या दुपारी या गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर हजार वॉटच्या आसपास ऊन पडते. साठ विद्यार्थ्यांचा नव्वद चौरस मीटरचा वर्ग धरला तर त्याच्या माथ्यावर नव्वद किलोवॉट ऊन कोसळत असते. जुनाट करडे काँक्रीट त्यातले साधारण दोन तृतीयांश शोषते, काळी डांबरी शीट जवळजवळ सगळेच शोषते, आणि नवा पांढरा लेप फक्त पाचवा-चौथा हिस्सा घेतो. शोषलेल्यापैकी बराचसा भाग वाऱ्याबरोबर आणि आकाशाकडे परत जातो हे खरे, पण उरलेला स्लॅबमधून सावकाश खाली उतरतो. काँक्रीटला तापायला वेळ लागतो. त्यामुळे गच्चीवरचे ऊन बाराला कडक असले तरी छताची खालची बाजू सर्वांत गरम होते ती दुपारी चार-पाचच्या सुमारास, आणि वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर तर रात्री नऊ-दहापर्यंत ती धग जाणवते. अशा वेळी खोलीतला तापमापक ३३ अंश दाखवत असला तरी अंगाला त्याहून जास्त उकडते, कारण शरीर हवेबरोबरच डोक्यावरच्या तापलेल्या पृष्ठभागाकडूनही उष्णता घेत असते. पंखा हवा हलवू शकतो. तापलेल्या छताकडून येणारी ही उष्णता त्याला अडवता येत नाही.

म्हणूनच गच्ची पांढरी करणे ही या कामाची पहिली पायरी. त्यासाठी तयार परावर्तक रंग मिळतात, पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी बसवण्याची आपल्याकडची जुनी पद्धत आहे, आणि सर्वांत स्वस्त म्हणजे साधा चुना. यावर एक आक्षेप हमखास येतो: लेप टिकत नाही. तो खोटा नाही. महामार्गाची आणि आसपासच्या कारखान्यांची धूळ, पावसाळ्यातले शेवाळे यांनी दोन-तीन वर्षांत पांढरेपणा बराच उतरतो आणि परावर्तन घटते. पण उत्तर याच आक्षेपात आहे. गच्ची दरवर्षी झाडून, घासून, धुऊन घ्यावी लागते, आणि हे काम गळती टाळण्यासाठी तसेही करावेच लागते. पन्हाळ तुंबून गच्चीवर साचलेले पाणीच स्लॅबच्या आतली सळई गंजवते. शिवाय जलरोधनाचा थर कधी ना कधी बदलावाच लागतो. त्या वेळी काळ्याऐवजी पांढरा पृष्ठभाग निवडला तर पडणारा फरक किरकोळ असतो. तेलंगणाने २०२३ मध्ये स्वतंत्र शीतछप्पर धोरण आणले, अहमदाबादने आपल्या उष्णता कृती आराखड्यात पांढऱ्या गच्च्यांना जागा दिली. या कल्पनेत प्रयोगशाळेतून बाहेर यायचे असे आता काही उरलेले नाही. पांढऱ्या गच्चीचा लाभ फक्त वरच्या मजल्याला होतो, हेही खरे. पण दुमजली इमारतीत वरचा मजला म्हणजे निम्मी इमारत असते.

छपरानंतर सावली. शिरवळ साधारण सव्वाअठरा अक्षांशांवर आहे. मेच्या मध्याला सूर्य इथे माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, मग जुलैअखेरपर्यंत तो चक्क उत्तरेकडे असतो. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येते ते मुख्यतः हिवाळ्यात, आणि ते हवेसेही असते. उन्हाळ्यातल्या दक्षिण उन्हाला दीड-दोन फुटांचा साधा छज्जा पुरतो. खरी अडचण पश्चिमेची. दुपारी तीननंतरचे ऊन तिरके येते, छज्ज्याखालून थेट फळ्यापर्यंत पोचते, आणि नेमक्या त्याच वेळी छतही आपली साठवलेली उष्णता खाली सोडू लागते. बांधलेली इमारत फिरवून ठेवता येत नाही, पण पश्चिमेच्या खिडकीबाहेर उभी जाळी, बांबूची चटई किंवा वेल चढवलेली चौकट लावता येते. ती बाहेरूनच हवी. आतला पडदा उन्हाला काचेच्या अलीकडे घेतो आणि मग अडवतो, तोवर उष्णता खोलीत आलेली असते. पश्चिमेला दहा-बारा फुटांवर लावलेला कडुनिंब किंवा करंज सात-आठ वर्षांत दोन मजल्यांना सावली देतो. गोठ्याच्या पश्चिमेला झाड लावणाऱ्या शेतकऱ्याला हे सूर्यगणित कोणी शिकवलेले नसते.

तिसरी गोष्ट वाऱ्याची, आणि इथे शिरवळला निसर्गाची चांगली साथ आहे. सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत येणाऱ्या या पट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये दिवस तापतो तसा रात्री गारवाही येतो. कमाल आणि किमान तापमानात पंधरा अंशांची तफावत नवलाची नाही. मुंबईला हे भाग्य नाही. दगड, वीट, काँक्रीट यांसारख्या जड पदार्थांना रात्रीचा गार वारा मिळाला तर सकाळी ते थंड असतात आणि दुपारपर्यंत खोलीची उष्णता पीत राहतात. गावाजवळच्या डोंगरातली बौद्ध लेणी वैशाखातही गार का लागतात याचे कारण हेच. चहूबाजूंचा कातळ दिवसाच्या चढ-उताराला दाद देत नाही. आपल्या इमारतींत मात्र संध्याकाळी साडेपाचला शिपाई खिडक्या घट्ट लावून कुलूप घालतो आणि सकाळी दहाला उघडतो. म्हणजे भिंती गार होण्याचे साडेसोळा तास खोली बंद, आणि बाहेर तापू लागल्यावर उघडी. त्याची कारणे खोटी नाहीत. चोरी होते, डास येतात, पाऊस आत येतो, मांजरे आणि वटवाघळे शिरतात. म्हणून खिडकीच्या वरच्या भागातली तावदाने काढून तिथे लोखंडी गज, बारीक जाळी आणि तिरप्या पट्ट्या बसवायच्या, म्हणजे तो भाग रात्रभर उघडा ठेवता येतो. एका खिडकीमागे हे सुतार-लोहाराचे एक-दोन दिवसांचे काम आहे.

एवढा सगळा खटाटोप करायचा तो कशासाठी, असा प्रश्न इथे रास्त आहे. कारण या इमारती आज वीज फारशी खातच नाहीत. थंड देशांतल्या विद्यापीठांमध्ये जुनी इमारत सुधारली की तापवण्याचा खर्च भरभक्कम वाचतो. आपल्या नैसर्गिक वाऱ्यावर चालणाऱ्या महाविद्यालयात खोली तापवायची नसते आणि थंडही क्वचितच केली जाते. मग वाचवायचे काय? माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा हाच आहे. आज जळणारे युनिट तर वाचवायचेच, पण त्याहून मोठे काम आहे उद्या जळणार असलेले युनिट टाळण्याचे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्याचा अंदाज आहे की २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत देशाची शीतकरणाची गरज सुमारे आठपट होईल. ही वाढ शिक्षणसंस्थांतही येणार. प्रथम प्राचार्यांची खोली, मग सभागृह, मग संगणक कक्ष, आणि एखाद्या कडक उन्हाळ्यानंतर वर्गखोल्या. साठ विद्यार्थी म्हणजे प्रत्येकी शंभर वॉटचे साठ बल्ब खोलीत लावल्यासारखे. नुसत्या शरीरांचीच सहा किलोवॉट उष्णता होते. त्यात तापलेला स्लॅब आणि पश्चिमेची खिडकी मिळवली तर दीड टनाची चार यंत्रे लागतील, आणि ती मिळून सहा किलोवॉटच्या आसपास वीज ओढतील. त्याच वर्गात नव्या धर्तीचे आठ पंखे अडीचशे वॉटच्या आसपासच घेतात. पंचवीसपटींचा हा फरक आहे. इमारतीची डागडुजी करून वर्ग पंख्याच्या आवाक्यात ठेवला, तर दिव्यांच्या आणि पंख्यांच्या सगळ्या बचतीपेक्षा मोठी बचत त्यात आहे. ती कोणत्याही बिलात दिसत नाही, कारण ते बिल कधी येतच नाही.

पण पंख्यावर माणसाचे खरेच भागते का? इथे अंदाजाने बोलायची गरज नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि शिमला इथल्या सोळा कार्यालयीन इमारतींमध्ये बसून काम करणाऱ्या लोकांना त्यांच्या जागेवर जाऊन विचारले आणि सहा हजारांहून अधिक उत्तरे जमवली. त्यातून निघाले की बाहेरच्या हवामानाला सरावलेला माणूस उन्हाळ्यात बऱ्याच जास्त तापमानालाही समाधानी असतो. मागच्या तीस दिवसांचे बाहेरचे सरासरी तापमान ३० अंश असेल, तर नैसर्गिक वाऱ्याच्या इमारतीत लोकांना २९ अंश नेमके ठीक वाटतात, आणि ३१ अंशांच्या जरा पुढेपर्यंत बहुतेकांची तक्रार नसते. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत हे प्रतिमान आले आहे. अट एकच. हे तापमान हवेचे आणि भोवतालच्या पृष्ठभागांचे मिळून मोजायचे असते. छत ४० अंशांवर असेल तर हिशेब कोलमडतो, म्हणून आधी छप्पर.

याच्या विरोधातला पुरावाही नजरेआड करता येणार नाही. अमेरिकेत एक कोटी विद्यार्थ्यांच्या परीक्षांचे गुण तपासून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले की वातानुकूलन नसलेल्या शाळांत वर्ष एका फॅरनहाइट अंशाने अधिक उष्ण गेले तर त्या वर्षीच्या शिकण्यात सुमारे एक टक्का घट होते. हा अभ्यास यंत्राच्या बाजूने आहे, आणि उन्हाचा शिक्षणावर परिणाम होत नाही असे म्हणणाऱ्याला तो गप्प करतो. आपल्याकडे मेमध्ये सुटी असते हा दिलासाही आता पुरेसा नाही. मार्च २०२२ हा देशातला तोवरच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च ठरला, आणि फेब्रुवारी २०२३ ने कमाल तापमानाचा तसाच उच्चांक केला. सुटी येण्याआधीच उन्हाळा वर्गात येऊन बसतो, आणि एप्रिल तर परीक्षांचा महिना. पशुवैद्यकीय महाविद्यालयात चिकित्सालय आणि वसतिगृह बारा महिने चालू राहतात, हे वेगळेच. म्हणून वातानुकूलन कुठेच नको असा हट्ट मी धरणार नाही. शस्त्रक्रियागृह, काही प्रयोगशाळा, खिडक्या नसलेले सभागृह यांना ते लागेल. मात्र ज्या खोलीचे छप्पर पांढरे आणि पश्चिम झाकलेली आहे, तिला चारऐवजी तीन यंत्रे पुरतील, ती वर्षातून कमी दिवस लावावी लागतील, आणि २४ अंशांवर ठेवली तरी भागेल.

आता पंख्याकडे जरा जवळून पाहू. वर्गातला जुना पंखा पूर्ण वेगाला सत्तर-पंचाहत्तर वॉट घेतो. वर्षानुवर्षांनी त्याचा कपॅसिटर कमजोर होतो, पात्यांच्या पुढच्या कडेवर धुळीची काळी किनार जमते, वारा निम्मा होतो, पण विजेची ओढ त्या मानाने कमी होत नाही. भिंतीवरचा चौकोनी जुना रेग्युलेटर वेग कमी करतो तो मधली वीज स्वतःत उष्णता म्हणून जाळून. त्याला हात लावला तर तो कोमट लागतो, ती वाया गेलेली वीजच. याउलट चुंबकाचा फिरता भाग असलेली, कार्बन ब्रशविना चालणारी मोटर बसवलेला बीएलडीसी पंखा तेवढाच वारा अठ्ठावीस ते पस्तीस वॉटमध्ये देतो, आणि कमी वेगाला दहा वॉटच्याही खाली जाऊ शकतो. हिशेब मांडू. एका महाविद्यालयात दोनशे पंखे, दिवसाला आठ तास, वर्षाला दोनशे दिवस चालतात असे धरा. प्रत्येकी ४५ वॉट वाचले तर वर्षाला १४,४०० युनिट वाचतात. सगळे आकार धरून युनिटला दहा रुपये मानले तर १ लाख ४४ हजार रुपये. पंखा २,८०० रुपयांना पडला तर एकूण खर्च ५ लाख ६० हजार, म्हणजे चार वर्षांत वसूल. पण चालू पंखे उतरवायची गरज काय? पंखा जळतो तेव्हा नवा घ्यावाच लागतो. त्या वेळी साध्यापेक्षा हजार-बाराशे रुपये जास्त मोजले की झाले, आणि ते जास्तीचे पैसे वीस महिन्यांत परत येतात. छताच्या पंख्यांना तारांकन १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले आहे आणि हे तारे एका वॉटमागे किती वारा मिळतो यावर ठरतात. खरेदीच्या अटींत ‘पंचतारांकित’ हा एक शब्द घालायला कोणतेही अनुदान लागत नाही.

प्रयोगशाळांचा मामला वेगळा. तिथे गर्दी कमी आणि वीज जास्त. जैविक नमुने ठेवणारा उणे ८० अंशांचा जुना फ्रीझर दिवसाला पंधरा-वीस युनिट घेऊ शकतो. महिन्याला शंभर युनिट वापरणारी पाच-सहा कुटुंबे धरा, तेवढी वीज हे एक कपाट दिवसरात्र खात असते. तो उणे ७० वर ठेवला तर अनेक प्रकारच्या नमुन्यांना बाधा न येता सुमारे तीस टक्के वीज वाचते, असा परदेशी विद्यापीठांचा अनुभव आहे. कोणता नमुना कोणत्या तापमानाला चालतो हे अर्थात त्या विषयाच्या प्राध्यापकांनीच ठरवायचे. पण आतला बर्फ खरवडणे, मागची जाळी पुसणे, आणि कोणी सोडून गेलेल्या जुन्या नमुन्यांची यादी करून कप्पे रिकामे करणे यात कसलाच धोका नाही. वसतिगृहात प्रश्न आंघोळीच्या पाण्याचा. तीनशे मुलांना प्रत्येकी वीस लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला दिवसाला पावणेदोनशे युनिटच्या आसपास ऊर्जा लागते. हे काम गच्चीवरचे सौर बंब करतात, आणि ढगाळ दिवसांत उष्णता पंप एक-तृतीयांश विजेत करतो. विजेच्या कांडीने बादलीत पाणी तापवणे हा यातला सर्वांत महाग आणि सर्वांत धोक्याचा मार्ग.

एवढे सांगितल्यावर कोणीही म्हणेल की गच्चीवर सौर पॅनेल टाकले की प्रश्नच मिटला, मग हा चुना आणि जाळ्यांचा उद्योग हवा कशाला? सौर पॅनेलला माझा विरोध नाही. या भागात एक किलोवॉटचे पॅनेल सरासरी दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देते आणि त्याला दहा चौरस मीटर जागा लागते. उलट पॅनेल हेही एक छप्परच आहे. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०११ मध्ये मोजले तेव्हा पॅनेलखालच्या छतापर्यंत पोचणारी उष्णता ३८ टक्क्यांनी कमी आढळली. प्रश्न क्रमाचा आहे. वर मांडलेल्या पंख्यांच्या हिशेबातले १४,४०० युनिट सौर विजेतून मिळवायचे तर दहा किलोवॉटचे पॅनेल लागतील, म्हणजे शंभर चौरस मीटर गच्ची नुसती उधळपट्टी भागवायला जाईल. आणि पॅनेलची सावली नसलेली खोली पॅनेलमुळे थंड होत नाही. त्याने बिल उतरते, वरच्या मजल्यावरच्या अशा वर्गातला घाम तसाच राहतो. आधी गरज आटोक्यात आणली की लहान पॅनेल पुरते आणि उरलेल्या गच्चीवर सौर बंब बसतात.

दुसरे टोक गाठणारे लोक म्हणतात, जुनी इमारत पाडून नवी हरित इमारत बांधावी. हे ऐकायला आकर्षक आहे, कारण नव्या इमारतीचे उद्घाटन होते आणि धुतलेल्या गच्चीचे होत नाही. पण इमारत उभी करताना सिमेंट, पोलाद आणि विटा यांतून जो कर्बवायू निघाला तो कधीच निघून गेला आहे. ती पाडून नवी बांधताना तेवढाच पुन्हा निघेल. अमेरिकेतल्या नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या संस्थेच्या २०११ च्या अभ्यासानुसार, जुन्यापेक्षा ३० टक्के काटकसरी अशी नवी इमारत बांधली तरी बांधकामाचे हे ओझे फिटायला इमारतीच्या प्रकारानुसार १० ते ८० वर्षे लागतात. तिथल्या इमारती भरपूर ऊर्जा वापरतात, तरी ही स्थिती. आपल्या कमी वीज खाणाऱ्या इमारतींत वाचवायला मुळात कमी असल्याने हे ओझे फिटायला आणखी उशीर लागेल. ज्या इमारतीचा सांगाडा धड आहे ती पाडण्याला ऊर्जाबचतीचे कारण देता येत नाही.

उरतो पैशाचा आक्षेप, आणि तोच सर्वांत खरा आहे. सार्वजनिक विद्यापीठात वीजबिल एका लेखाशीर्षातून जाते, दुरुस्ती दुसऱ्या, उपकरणे तिसऱ्या. गच्ची पांढरी करायचा खर्च दुरुस्तीतून होईल आणि लाभ वीजबिलाच्या शीर्षात दिसेल. ज्याने खर्च केला त्याच्या हाती काही उरत नाही. उलट बिल घटले तर पुढच्या वर्षी त्या शीर्षातली तरतूदही घटते. शिरवळहून नागपूर साडेसातशे किलोमीटरच्या आसपास आहे; मुख्यालय एवढे दूर असलेल्या कोणत्याही घटक महाविद्यालयात छोट्या कामांचे प्रस्ताव मोठ्या कामांच्या रांगेत उभे राहणार हे उघड आहे. यावर हार्वर्ड विद्यापीठाने या शतकाच्या सुरुवातीला काढलेली तोड आपल्याला परकी वाटू नये. त्यांनी सुमारे १ कोटी २० लाख डॉलरचा फिरता निधी बाजूला ठेवला. त्यातून विभागांना बिनव्याजी पैसे द्यायचे, वाचलेल्या विजेतून ते परत घ्यायचे आणि पुढच्या विभागाला द्यायचे. आपल्या गावोगावच्या बचत गटांतल्या बायका अंतर्गत कर्जाने हेच करतात. पाच-सात लाखांचा असा निधी महाविद्यालयाच्या पातळीवर ठेवला आणि वाचलेली रक्कम पाच वर्षे तरी त्यातच राहील असा ठराव विद्यापीठाने केला, तर पंखे, जाळ्या, गच्ची ही कामे एकामागून एक होत जातील.

मोजमाप नसेल तर मात्र हा निधी चालणार नाही. अनेक महाविद्यालयांत नॅकच्या मूल्यांकनासाठी ऊर्जा लेखापरीक्षण होते, अहवाल बांधून कपाटात जातो, आणि संपूर्ण परिसराला एकच मीटर असल्याने कोणत्या इमारतीने काय वापरले हे कोणालाच कळत नाही. प्रत्येक इमारतीच्या मुख्य पॅनेलवर उपमीटर बसवणे हे काही हजार रुपयांचे काम आहे. उच्चदाब ग्राहकाच्या मीटरमध्ये तर ठरावीक मिनिटांच्या अंतराने झालेल्या वापराची नोंद आपोआप होत असते. रात्री दोन वाजता, सगळे वर्ग बंद असताना, परिसर किती वीज ओढतो हे त्यातून काढावे; फ्रीझर, रस्त्यावरचे दिवे आणि वसतिगृह वजा करूनही मोठा आकडा उरला तर तो कुठे जातो याचा शोध घ्यावा. बहुधा पाण्याचा पंप, चालू राहिलेले संगणक किंवा कुणाच्या ध्यानात नसलेला एखादा हीटर सापडतो. शिरवळच्याच सातारा जिल्ह्यात काले इथे १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ ही रीत महाराष्ट्राला दिली. त्या रीतीत विद्यार्थी श्रमाने आपली संस्था उभी करायचे. आज त्याच योजनेखाली विद्यार्थ्यांना मीटरच्या नोंदी, गच्चीची सफाई, पंख्यांची पाती पुसणे आणि खोल्यांचे तापमान मोजणे हे काम तासाच्या मोबदल्यावर देता येईल. पशुवैद्यकीय विद्यार्थ्याला तर गोठ्यातला तापमान-आर्द्रता निर्देशांक मोजायचाच असतो; तेच उपकरण वर्गात न्यायचे.

सुरुवात एका गच्चीपासून करता येते. पावसाळा उलटल्यावर शेवाळे वाळते तेव्हा ते खरवडायचे, भेगा भरायच्या, पन्हाळी मोकळ्या करायच्या. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ध्या गच्चीला चुन्याचे दोन हात द्यायचे आणि अर्धी तशीच ठेवायची. गच्चीच्या लगेच खालच्या मजल्यावर शेजारशेजारच्या दोन सारख्या खोल्या निवडायच्या, एक पांढऱ्या भागाखालची आणि एक करड्या भागाखालची. दोन्ही खोल्यांत छताला चिकटवलेला एक आणि बाकाच्या उंचीवर टांगलेला एक असे दोन-दोन तापमापक ठेवायचे, आणि मार्चअखेरपर्यंत रोज सकाळी अकरा, दुपारी दोन आणि साडेचार वाजता वहीत आकडे उतरवायचे. साडेचारच्या रकान्यात छताच्या दोन तापमापकांमध्ये जो फरक पडेल, तो पुढच्या वर्षीच्या दुरुस्ती प्रस्तावाला जोडायचा.